धाकट्याला कोण सांभाळणार?



कापसाच्या वेचणीचे दिवस आले की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेताच्या बांधावर, बाभळीच्या नाहीतर कडुनिंबाच्या फांदीला लुगड्याच्या झोळ्या दिसू लागतात. आई ओटीत कापूस वेचते, बाळ झोळीत असते. मजुरी किलोवर, म्हणून वरचेवर मागे वळून पाहायलाही सवड नसते. शेतात साप-विंचू असतात, तसेच फवारणीच्या औषधाचे रिकामे डबेही असतात. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तिथे रांगत्या बाळाचे काय सांगावे?

जे बाळ शेतात नेत नाहीत, ते थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. ती असते आठ-नऊ वर्षांची. म्हणजे एका लेकरासाठी दुसऱ्याची शाळा सुटते. बालवाडी म्हटले की आपल्याला खिचडी आणि बडबडगीते आठवतात; ही थोरली बहीण कोणाच्या हिशेबात नसते.

ताराबाई मोडक यांनी तिला हिशेबात धरले. 1945 मध्ये त्यांनी बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ सोबत होत्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडला, वारली आदिवासींमध्ये गेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणून ‘विकासवाडी’ उभी केली: धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. बहिणीला ‘भावंड टाकून शाळेत ये’ असे सांगावे लागले नाही, ही त्यातली खरी समज.

ताराबाईंवर मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. या कॅथलिक डॉक्टर बाईंनी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, ते 6 जानेवारी 1907 रोजी, प्रकटीकरणाच्या सणाला. निमित्त मात्र अगदी साधे होते. आई-बाप कामावर गेले की मोकळी मुले इमारतीच्या भिंती खराब करीत, आणि मालकांना भिंती वाचवायच्या होत्या! (सेमिनरीत प्लेटो वाचताना आणखी एक गंमत सापडली होती. ‘नियम’ या ग्रंथात तो म्हणतो की तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी गावच्या देवस्थानापाशी जमावे, दायांनी लक्ष ठेवावे, खेळ मुलांनीच शोधावेत. वयोगट अगदी आपल्या अंगणवाडीचा!)

सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पूर्वशिक्षण हे सारे अंगणवाडीतून मिळते, आणि सेविका तुटपुंज्या मानधनावर ते करतात. पण तीन ते सहा वर्षांची मुले तिथे बसतात. तीनच्या आतल्यांचा आहार घरी दिला जातो. अंगणवाडी काही तासांची, वेचणी दिवस मावळेपर्यंतची. ताराबाईंच्या विकासवाडीतील पाळणाघर वाटेतच राहिले. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर एका मजूर बाईला मजुरी देऊन त्यांच्याकडे लक्ष द्यायला बसवावे, अशी तरतूद होती. शेतमालकाच्या रानात तीही नव्हती.

भाषेचा प्रश्नही आहेच. पोडावरच्या कोलाम घरातले मूल कोलामी बोलते, तांड्यावरचे गोरमाटी. मराठी कानावर पडली की ते गप्प बसते, आणि आपण त्याला मंद म्हणून मोकळे होतो.

आपल्या चर्चचा हॉल आठवडाभर कुलूपबंद असतो. वेचणीच्या दिवसांत तो सकाळी सातपासून सूर्यास्तापर्यंत उघडायचा तर दोन आज्या, पिण्याचे पाणी आणि कडी लागेल असे फाटक हवे. आजी एक तरी कोलामी बोलणारी असावी. कोणाच्या घरून कोण येऊ शकेल, ते आज मिस्सेनंतर मला सांगा. झोळ्या ज्याने त्याने आपापल्या आणाव्यात.