खाजगी क्लाऊडसाठी मुक्तस्रोत प्रणाली : निवड कशी करावी?

उद्योगसंस्था, सहकारी बँका आणि शिक्षणसंस्था यांचे हिशेब व अभिलेख आता संगणकावर ठेवले जातात. पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर घेण्यात येई आणि त्याची बरीचशी शक्ती वापराविना पडून राही. एकाच यंत्रावर अनेक 'आभासी संगणक' चालविणे शक्य झाल्यावर ही स्थिती पालटली. असे अनेक सर्व्हर, त्यांची साठवण आणि जाळे एकत्र आणून गरजेप्रमाणे वाटून देण्याची व्यवस्था म्हणजे क्लाऊड होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ साली केलेल्या व्याख्येनुसार, ही व्यवस्था एकाच संस्थेच्या उपयोगासाठी राखलेली असल्यास तिला खाजगी क्लाऊड म्हणतात.

सार्वजनिक क्लाऊड हे नळाचे पाणी मानले, तर खाजगी क्लाऊड ही स्वतःची विहीर होय. पाणी हक्काचे, परंतु पंपाची दुरुस्तीही मालकाकडेच.

प्रश्नाचे महत्त्व

अनेक संस्थांनी या कामासाठी व्हीएमवेअर या कंपनीच्या आज्ञावल्या घेतल्या होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही कंपनी ब्रॉडकॉमने विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत लागू केली. आपल्या कारभाराचा पाया दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असतो, याची जाणीव यामुळे अनेकांना झाली. साहजिकच, जिची मूळ संहिता कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येते अशा मुक्तस्रोत प्रणालींकडे लक्ष वळले. भारत सरकारनेही शासकीय कामात अशा आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ साली जाहीर केले आहे.

तीन प्रमुख प्रणाली

ओपनस्टॅक : अमेरिकेची अंतराळ संस्था नासा आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी २०१० साली या प्रणालीचा प्रारंभ केला. गणनेसाठी नोव्हा, जाळ्यासाठी न्यूट्रॉन, साठवणीसाठी सिंडर व स्विफ्ट, ओळख तपासण्यासाठी कीस्टोन असे तिचे स्वतंत्र घटक आहेत. हव्या त्या घटकांची जुळणी करता येते, हे तिचे बळ. आणि ते सर्व घटक एकमेकांशी सुसंगत ठेवावे लागतात, हीच तिची अडचण. युरोपातील सर्न ही अणुसंशोधन संस्था २०१३ पासून ही प्रणाली फार मोठ्या प्रमाणावर वापरीत आहे. परंतु सर्नपाशी कुशल अभियंत्यांचे पथक आहे, हे विसरून चालणार नाही.

क्लाऊडस्टॅक : एका खाजगी कंपनीत जन्मलेली ही प्रणाली २०११ मध्ये सिट्रिक्सकडे आली आणि २०१२ मध्ये अपाची प्रतिष्ठानाच्या स्वाधीन करण्यात आली. तिचा कारभार मुख्यतः एक व्यवस्थापन सर्व्हर आणि एक माहितीकोश यांवर चालतो. त्यामुळे उभारणी व देखरेख तुलनेने सुटसुटीत राहते.

ओपननेब्युला : स्पेनमधील माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठातील संशोधनातून ही प्रणाली निर्माण झाली आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिची रचना आटोपशीर असून थोड्या सर्व्हरांवरही ती चालू शकते. मात्र तिच्या विकासाची सूत्रे प्रामुख्याने एकाच कंपनीकडे आहेत, तर उरलेल्या दोन्ही प्रणाली प्रतिष्ठानांच्या छत्राखाली आहेत.

एक धडा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्रात २००८ च्या सुमारास युकॅलिप्टस ही प्रणाली तयार झाली. ॲमेझॉनच्या क्लाऊडशी जुळणारी म्हणून ती नावाजली गेली. २०१४ मध्ये एचपी कंपनीने तिच्यामागील कंपनी विकत घेतली; पुढे काही वर्षांतच तेथील विकास थांबला. संहिता खुली असल्याने ती नष्ट झाली नाही, परंतु तिच्यावर विसंबलेल्यांना अन्य मार्ग शोधणे भाग पडले. संहिता खुली असणे आणि तिची काळजी घेणारे हात टिकून राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

निवडीचे निकष

निवड करण्यापूर्वी संस्थेने काही प्रश्नांची उत्तरे लेखी काढावीत. सर्व्हर किती आहेत आणि पाच वर्षांनी किती होतील? रात्री बिघाड झाल्यास तो दुरुस्त करणारा माणूस कोण? तो नोकरी सोडून गेल्यास त्याचे काम कोणास येते? नवी आवृत्ती कोण बसविणार? राखीव प्रतीवरून सर्व माहिती परत उभी करण्याची चाचणी शेवटची केव्हा झाली?

यंत्रे शेकड्यांनी असून स्वतंत्र पथक असल्यास ओपनस्टॅकचा विचार करावा. मध्यम संस्थेस क्लाऊडस्टॅक, तर दोन-तीन जाणकारांच्या बळावर चालणाऱ्या लहान संस्थेस ओपननेब्युला सोयीची ठरू शकेल. निर्णयापूर्वी दोन-तीन जुन्या यंत्रांवर प्रयोग करून पाहणे हितावह होय. आणि असे मनुष्यबळ मुळीच नसेल, तर खाजगी क्लाऊडचा आग्रह न धरणे हेच शहाणपणाचे.

परवान्याचे पैसे वाचतात म्हणून काम फुकट होत नाही. वाचलेल्या रकमेतील काही भाग कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर खर्च झाला, तरच मुक्तस्रोताने देऊ केलेले स्वावलंबन संस्थेच्या पदरी पडेल.