पोलादाच्या पोटातला प्रतिध्वनी

प्रश्न : मी झाशी छावणीत राहते. भौतिकशास्त्रात एमएस्सी झाले आहे. अल्ट्रासोनिक तपासणीत संशोधन करता येईल का?

उत्तर : जरूर येईल. रेल्वेची वाघीण-दुरुस्ती कार्यशाळा तुमच्याच शहरात आहे. जमल्यास चाकांच्या आसांची अल्ट्रासोनिक तपासणी पाहून या. आसाच्या टोकाला तेल लावून ध्वनिलहरी सोडणारा प्रोब टेकवतात. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे 5,900 मीटर धावतो. प्रतिध्वनी 20 मायक्रोसेकंदांत परतला, तर हा वेळ जाण्या-येण्याचा असल्याने दोष सुमारे 59 मिलिमीटर आत. चाकाखाली दडलेला तडाही असा सापडतो. तडा पडण्याआधीच धातूचा थकवा ओळखणे, हा मला सर्वांत मोलाचा संशोधनविषय वाटतो. नेट किंवा गेट द्या आणि आयआयटी मद्रास किंवा कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात पीएचडीसाठी अर्ज करा. अल्ट्रासोनिक तपासणीच्या लेव्हल-2 प्रमाणपत्राने नोकरीला मदत होईल, पण संशोधनासाठी सिग्नल प्रोसेसिंग आत्तापासूनच शिका.