दरमहाच्या गोळ्या आणि आवर्ती ठेव

आमच्या टी. नगर शाखेतले बरेच मराठी खातेदार सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे. सोन्या-चांदीच्या गलाईचा त्यांचा धंदा. त्यांतले एक काका मध्यंतरी आवर्ती ठेव मोडायला आले. दरमहा १,५०० रुपयांची, पाच वर्षांची ठेव; तीन वर्षे भरून झाली होती. मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल, हे मी सांगितले. ते म्हणाले, "ठावं हाय मॅडम. पर बीपी नि शुगरच्या गोळ्यांनाच म्हैन्याला दोन हजार जात्यात. आता एक दिवसाआड घेतो, तरी भागंना."

ठेवीपेक्षा मला त्या 'एक दिवसाआड'ची धास्ती वाटली. रक्तदाबाची गोळी चुकली तर त्रास जाणवतोच असे नाही, पण दाब आतल्या आत वाढलेला राहतो. उद्या पक्षाघात झाला किंवा मूत्रपिंडावर बेतले, तर त्या खर्चाला ठेव कुठून पुरणार? मी डॉक्टर नाही. पण कागद वाचणे हे आमचे रोजचे काम. म्हटले, "काका, चिठ्ठी आणि गोळ्यांच्या स्ट्रिप घेऊन या."

स्ट्रिपवर दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले आणि दुसरे औषधाचे मूळ नाव. काकांच्या स्ट्रिपवर अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम अशी मूळ नावे होती. तेच औषध अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांच्या किमतींत मोठा फरक असतो. एकाच घटकाच्या औषधावर मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे, असा नियम २०१८ पासून आहे. तमिळ येत नाही म्हणून अडू नये. हे नाव इंग्रजीत असते.

मूळ नावाने औषध देणारी जनऔषधी केंद्रे २००८ पासून देशभर उघडली आहेत. तिथले दर नामांकित ब्रँडपेक्षा ५० ते ९० टक्के कमी असल्याचे सरकार सांगते. तमिळनाडू सरकारनेही २४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'मुदल्वर मरुंदगम' नावाची १,००० दुकाने सुरू केली; त्याचा प्रारंभ आपल्या टी. नगरमध्येच झाला. जनऔषधीचा माल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रात येतो. 'स्वस्त म्हणजे हलके' हा हिशेब साडीला लागू असेल, औषधाला नाही.

मात्र बदल करताना मूळ नाव, मिलिग्रॅम आणि पुढची 'एसआर', 'ईआर' अशी अक्षरे तंतोतंत जुळली पाहिजेत. त्या अक्षरांचा अर्थ, गोळी पोटात हळूहळू विरघळते. अशी गोळी चुरून किंवा अर्धी करून घेऊ नये, डॉक्टरांनी सांगितले असेल तरच. थायरॉईड, अपस्मार आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ब्रँडही बदलू नका; तिथे थोडासा फरकही भोवतो.

सर्वांत मोठा घोटाळा घरी होतो. नवी जेनेरिक स्ट्रिप आणली, जुनी ब्रँडची डब्यात शिल्लक आहे. नावे वेगळी म्हणून माणूस दोन्ही घेतो. म्हणजे दुप्पट डोस! मूळ नाव पाहा आणि दोन्हींपैकी एकच घ्या.

दुष्परिणाम ब्रँडच्या गोळीचेही होतात आणि जेनेरिकचेही. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडते. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास अडकू लागला, तर मात्र थेट रुग्णालय गाठा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही करता येते.

काकांच्या डॉक्टरांनी दोन्ही औषधे मूळ नावाने लिहून दिली. बिल निम्म्याहून खाली आले, गोळ्या पुन्हा रोज सुरू झाल्या आणि ठेवही मोडली नाही.

बिल मात्र दरवेळी मागून घ्या, त्यावर बॅच क्रमांक असतो. शिवाय घरात साठीपुढचे कोणी असतील आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर जुन्या करपद्धतीत त्यांच्या औषधोपचाराच्या वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या खर्चावर वजावट मिळते. रोखीने दिलेले पैसे त्यात धरत नाहीत. म्हणून यूपीआय किंवा कार्डाने द्या आणि बिले एका फाईलला लावून ठेवा.