पाणी पाझरते, पण माती जाते का?

विद्यार्थिमित्रांनो, धुळे किंवा जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात तुम्ही राहत असाल, तर गावाच्या वरच्या अंगाला नाला अडवून घातलेला मातीचा लांबलचक भराव तुम्ही पाहिलाच असेल. त्यावर गवत वाढलेले असते, गुरे चरतात, पलीकडे पावसाळ्यात पाणी साठते. हा पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमी योजनेतून असे तलाव महाराष्ट्रभर बांधले गेले. तुमच्या आजोबा-आजींपैकी कोणी त्या भरावावर पाटीने माती वाहिली असण्याचाही संभव आहे. त्यांना विचारून पाहा. म्हणजे यांतल्या पुष्कळ धरणांची वये आता पन्नाशीच्या आसपास आली.

आता एक प्रश्न. तलाव काठोकाठ भरला आहे. भरावाच्या कोरड्या बाजूला, अगदी पायथ्याशी, जमीन ओली दिसते आणि एक बारीकसा झरा वाहतो आहे. धरण धोक्यात आहे काय? तुमच्यापैकी बहुतेक जण 'होय' म्हणतील. खरे उत्तर असे, की एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही.

मातीचे कण कितीही दाबून बसवले, तरी त्यांच्यामध्ये फटी राहतातच. मातीच्या धरणाच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे कवच. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असल्याने गाभ्यातून पाणी फार हळू सरकते. मग सगळे धरणच काळ्या मातीचे का करीत नाहीत? खानदेशातल्या मुलांना हे सांगायला नको. वैशाखात कपाशीच्या रानाला पडलेल्या भेगा आठवा, आणि पहिल्या पावसानंतर त्याच रानात पायाला चिकटणारा चिखल आठवा. अशी माती उघड्या उतारावर टिकणार नाही. मुरूम तिला झाकून धरतो. गाभ्यातून जे थोडे पाणी येते, ते पायथ्याच्या दगडी गटारातून बाहेर पडावे अशीच योजना असते. शिवाय पाझर तलाव तर पाणी जमिनीत जिरावे आणि खालच्या विहिरींना पाझर फुटावा, म्हणूनच बांधतात. तेव्हा नितळ पाण्याचा झरा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

घाबरावे ते पाणी गढूळ झाले की! वाहणारे पाणी मातीच्या कणांना रेटा देते. तलावातले पाणी पायथ्यापेक्षा ६ मीटर उंच असेल आणि त्याला भरावातून ३० मीटर वाट काढावी लागत असेल, तर दर ५ मीटर वाटेला १ मीटर उंचीचा जोर खर्च होतो. एवढा रेटा चांगली दाबलेली माती सहज सोसते. पण वाट कोठे आखूड झाली, तर रेटा वाढतो आणि पाणी बाहेर पडते तेथला एखादा कण निसटतो. त्याच्या मागचा कण उघडा पडतो, तोही जातो. अशी एक नळी पायथ्यापासून तलावाच्या दिशेने, म्हणजे पाण्याच्या उलट, आत आत पोखरत जाते. वरून काही दिसत नाही. गवत हिरवेच असते.

थोडे गणित करू. झऱ्याखाली १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरते, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर पाणी येते. त्याच्या दर लिटरमध्ये फक्त १ ग्रॅम माती आहे असे समजा. मग दिवसाला सुमारे ४३ किलो माती जाईल. महिन्याला जवळजवळ १३०० किलो! दाबलेल्या मातीचा १ घनमीटर सुमारे १७०० किलो भरतो. म्हणजे महिन्याभरात पाऊण घनमीटर पोकळी झाली. ती ३० मीटर लांबीच्या सरळ नळीची असेल, तर नळीचा व्यास १८ सेंटिमीटर होईल. प्रत्यक्षात इतका वेळही मिळत नाही, कारण नळी रुंदावली की पाणी वाढते आणि पाणी वाढले की माती अधिक जाते.

हे किती वेगाने होते, ते अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या टेटन धरणाने दाखवले. सुमारे ९० मीटर उंचीचे हे मातीचे धरण पहिल्यांदाच भरत होते. ३ जून १९७६ रोजी धरणाच्या खालच्या बाजूस झरे दिसले. पाणी नितळ होते. ५ जूनच्या सकाळी गढूळ पाणी येऊ लागले, आणि दुपारी १२ वाजण्याच्या आत धरण फुटले.

आपल्याकडे पानशेत (१२ जुलै १९६१) सर्वांना ठाऊक आहे. पण ते मोठे धरण, आणि बांधकाम पुरे होण्याआधीच भरलेले. आपल्या विषयाला जवळचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिवऱ्याचे. चिपळूण तालुक्यातले हे छोटे मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली आणि सुमारे वीस माणसे दगावली. धरण गळते आहे, हे गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते. पुढे खेकड्यांनी धरण पोखरले असे एक विधान झाले आणि त्याची पुष्कळ थट्टा झाली. शास्त्र म्हणून पाहिले तर बिळे खरोखरच वाईट. उंदीर, घूस, साळिंदर, खेकडा यांनी पायथ्याकडून ८ मीटर बीळ नेले, तर ३० मीटरची वाट २२ मीटरच उरते. वेड्या बाभळीची मुळे कुजली की त्यांच्या जागीही नळ्या राहतात. पण बीळ एका रात्रीत पडत नाही, आणि बाभूळ एका पावसात वाढत नाही. दरसाल बिळे बुजवायची आणि झुडपे उपटायची ती याचसाठी. तेव्हा दोष एकट्या खेकड्याला देता येणार नाही, असे मला वाटते.

मातीच्या धरणाचा दुसरा शत्रू म्हणजे माथ्यावरून जाणारे पाणी. साक्री तालुक्यात पांझरेवर फड पद्धतीचे जुने दगडी बंधारे आहेत. पूर त्यांच्या डोक्यावरून जातो आणि ते उभे राहतात. मातीच्या भरावावरून मात्र पाणी वाहू लागले, की भराव कापला जातो. म्हणून बाजूला सांडवा ठेवतात. काही ठिकाणी जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचतात. हा फार महाग सौदा आहे. ३० मीटर लांबीच्या सांडव्यावरून १ मीटर उंचीचे पाणी ढोबळ मानाने सेकंदाला ५१ घनमीटर जाते. पोत्यांनी अर्धा मीटर अडवला, तर उरलेल्या अर्ध्या मीटरमधून २५ नव्हे, फक्त १८ घनमीटर जाते!

मोठ्या धरणांची तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर होते. २०२१ च्या धरण सुरक्षितता कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणे येतात, आणि १० ते १५ मीटर उंचीची काही अटींत बसणारी. गावचे पाझर तलाव बहुधा त्याहून ठेंगणे. त्यांच्याकडे लक्ष कोणाचे? कागदोपत्री बहुतेकांचे पालकत्व जिल्हा परिषदेकडे असते, पण रोज पायथ्यावरून जाणारे तुम्हीच.

म्हणून शिक्षकांना बरोबर घेऊन हा प्रयोग करा. पांढऱ्या काचेच्या बाटलीत झऱ्याचे पाणी भरा, तारखेची चिठ्ठी लावा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी गाळ बसला आहे का, ते पाहा. दर आठवड्याची बाटली शेजारी ठेवत गेलात, तर फरक डोळ्यांना दिसेल. बादली भरायला लागणारा वेळ घड्याळाने मोजा. उन्हाळ्यात माथ्यावरच्या भेगा पाहा. भेग धरणाच्या लांबीच्या दिशेने आहे की आडवी, हे लिहून ठेवा. आडवी भेग अधिक वाईट, कारण ती तलावाकडून पायथ्याकडे पाण्याला वाट करून देते.

गढूळ झरा दिसला, तर तो चिखलाने बुजवण्याच्या फंदात कोणी पडू नये. कोंडलेले पाणी शेजारून फुटते. जाणकार लोक त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर टाकतात. शाळेतली तीन मडक्यांची गाळणी आठवा: पाणी येऊ द्यायचे, माती अडवायची. हे काम मोठ्यांचे आहे. तुम्ही झऱ्यापासून दूरच राहा.

आणि वहीत प्रत्येक नोंदीबरोबर तलावाची पातळी जरूर लिहा. पाणी चढले की झरा वाढणारच, ते उतरले की कमी होणार. पण पातळी उतरत असताना झरा वाढला, तर ती वही शाळेत न्यायची वाट पाहू नका. तशीच ग्रामपंचायतीत घेऊन जा.