लहान गाडी आणि जाड रंग

गेल्या प्रदर्शनांत एका विद्यार्थ्यानें डूसेनबर्ग मोटारीची प्रतिकृति मांडली होती. मापें बिनचूक होतीं. परंतु रंगाचे तीन हात दिल्यामुळें दारांच्या फटी बुजून गेल्या होत्या. "मापें बरोबर असून गाडी खोटी कां दिसते?" असें त्यानें खिन्न होऊन विचारलें. तेव्हां आम्हांस चटकन उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देतों.

डूसेनबर्ग 'जे' ही गाडी अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें बनत असे. ती १९२८ सालीं पुढें आली व १९३७ सालीं तिचा कारखाना बंद पडला. तिचें आठ सिलिंडरांचें एंजिन २६५ अश्वशक्तीचें असल्याचें कारखाना सांगे. कारखाना मुख्यतः सांगाडा व एंजिन देई; वरचा साज गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणें इतर कारागीर चढवीत. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्या डूसेनबर्गचा साज लंडनच्या गर्नी नटिंग यांनीं केला होता.

या गाडीच्या लांब सांगाड्यांत पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर १५३.५ इंच असे. प्रतिकृतीचें प्रमाण १:२४ धरल्यास तें सुमारें ६.४ इंच होतें. लांबी चोविसावा हिस्सा झाली, कीं पृष्ठभाग ५७६ वा व घनफळ १३,८२४ वा हिस्सा होतो. म्हणून ५,००० पौंडांची गाडी त्याच धातूंत हुबेहूब लहान केली, तर ती सहा औंसही भरणार नाहीं.

रंगाला मात्र हें गणित ठाऊक नसतें! डब्यांतील रंग लहान गाडीसाठीं पातळ होत नाहीं. प्रतिकृतीवरील ०.१ मिलिमीटरचा थर मूळ गाडीवर २.४ मिलिमीटर जाड लेप दिल्यासारखा दिसतो. तेव्हां फटी आधीं किंचित् खोल कोराव्या, रंग पातळ करावा आणि प्रत्येक हात वाळल्यावर बारीक कागदानें घांसावा.

ओतींव प्रतिकृतींस आणखी एक भय असतें. त्यांच्यासाठीं जस्तांत सुमारें शेकडा ४ ॲल्युमिनियम मिसळतात. त्यांत शिशाचा थोडा अंश राहिला, तर दमट हवेंत तो धातु आंतल्या आंत फुगून तडकतो. १९४० पूर्वींचीं पुष्कळ खेळणीं अशींच नासलीं. वरचा रंग कितीही सुबक असला, तरी हा दोष झांकत नाहीं.

पालकांनीं अशा खटाटोपास वेळेचा अपव्यय समजूं नये. त्या विद्यार्थ्यानें सर्व रंग खरडून काढून फटी पुन्हां कोरल्या आहेत. आमचें उत्तर उशिरां आलें. त्याचे हात मात्र थांबले नव्हते, याचा आम्हांस आनंद वाटतो.