स्टीलला गंज? तोही जोडापाशीच?

शाळेतल्या खिचडीच्या पातेल्याची कडी तुटली, वेल्डिंग करून आणली. काही दिवसांत जोडाशेजारी तांबूस डाग. चौथीतली मुलगी म्हणाली, "बाई, हे तर स्टील आहे ना?"

नेहमीच्या ३०४ स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असतं. हवेशी मिळून त्याचा अगदी पातळ ऑक्साइडचा थर बनतो, तोच गंज अडवतो. पण आतून स्टील म्हणजे एकमेकांना चिकटलेले कण, भिजलेल्या साबुदाण्यासारखे! ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या तापात कणांच्या सीमेवर कार्बन क्रोमियमला धरून बसतो. लगतच्या पट्टीत क्रोमियम कमी पडतं, थर कच्चा राहतो. खारट खिचडीला तेवढी फट पुरते. आमच्याकडे बहुधा हेच झालं. ३०४एलमध्ये कार्बन फार तर ०.०३ टक्के, म्हणून वेल्डिंगला ते बरं. दुसऱ्या पातेल्याची कडी आम्ही रिव्हेट मारून बसवली.