परक्या बेटावर शाळा बांधतांना

पॅसिफिक महासागरांत, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, वानुआतू नांवाचें सुमारें ८० बेटांचें एक लहान राष्ट्र आहे. इंग्लंड व फ्रान्स यांच्या संयुक्त अंमलांतून तें १९८० सालीं स्वतंत्र झालें. लोकसंख्या अवघी तीन लाखांच्या आसपास. तरी शंभराहून अधिक भाषा तेथें नांदतात. मार्च २०१५ मध्यें 'पाम' नांवाच्या चक्रीवादळानें या बेटांना गांठलें. वाऱ्याचा वेग ताशीं २५० किलोमीटरांपर्यंत पोहोंचला. कित्येक शाळांचीं छपरें उडालीं व हजारों मुलांचे वर्ग बंद पडले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फ्रान्स इत्यादि देशांतून सैनिक व स्वयंसेवक मदतीस धांवले. परदेशीं जाऊन शाळा उभारण्याच्या अशा कार्याचें मर्म कशांत आहे, याचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम छप्पर कां उडतें तें पाहूं. साधारण समजूत अशी कीं, वारा छपराला वरून दाबतो. वस्तुस्थिति उलट आहे. छपरावरून वेगानें जाणाऱ्या वाऱ्यामुळें वरील हवेचा दाब कमी होतो. आणि एखादी खिडकी फुटून आंत शिरलेला वारा छपरास खालून वर रेटतो. म्हणून छप्पर नुसतें भिंतींवर ठेवून भागत नाहीं. तें खालीं बांधून टाकावें लागतें. पत्रे रिपांना, रिपा वाशांना, वासे तुळईला, तुळई खांबांना व खांब पायाला, अशी सांखळी कोठेंही न तुटतां जमिनीपर्यंत जावी लागते. सांध्यांवर जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्या ठोकितात. पत्र्यांना साध्या खिळ्यांऐवजीं स्क्रू लावितात व आढ्यापाशीं आणि वळचणीला ते अधिक जवळ जवळ घेतात, कारण तेथें वाऱ्याची ओढ फार असते. दुपाखी छपरापेक्षां चौपाखी छप्पर वादळांत अधिक टिकतें.

बेटांच्या अडचणी आणखी निराळ्या. सिमेंट व लोखंड जहाजानें आणावें लागतें. समुद्राकांठची खारी वाळू न धुतां वापरल्यास आंतील सळ्या गंजून काँक्रीट फुटतें. अनेक गांवांत छपरावरून टाकींत सांठविलेलें पावसाचें पाणी हेंच पिण्याचें पाणी. म्हणजे छप्पर गेलें कीं आसरा व पाणी दोन्ही गेलीं. शिवाय वादळांत गांवकरी पुष्कळदां शाळेंतच आश्रय घेतात. तेव्हां एका सैल सांध्यावर साऱ्या गांवाचे प्राण अवलंबून असतात.

आतां मुख्य गोष्ट. बाहेरून आलेला मनुष्य कांहीं आठवड्यांनीं परत जातो. इमारत मात्र तेथेंच राहते. पट्टी गंजली किंवा स्क्रू सैल झाला, तर दुरुस्ती कोण करणार? पंधरा दिवसांत भिंत रंगवून व छायाचित्र काढून परतणाऱ्याचा हेतु चांगला असेल. पण गांवच्या कारागिराला ज्या कामाची मजुरी मिळाली असती, तेंच काम त्यानें फुकट केलें. उलट, जो गांवच्या सुतारांबरोबर राबतो, सांधा कां व कसा बांधावा हें समजावितो आणि देखरेखीची जबाबदारी गांवकऱ्यांकडे सोंपवितो, त्याचें काम तो गेल्यावरही चालूं राहतें.

शिकविण्यापूर्वीं त्यानें शिकावें, हेंही तितकेंच खरें. टान्ना बेटावर बुटकीं, जमिनीपर्यंत छप्पर आलेलीं व घट्ट बांधलेलीं जुन्या पद्धतीचीं घरें आहेत. वादळांत लोक त्यांत आश्रय घेत आले आहेत. बांधून ठेवण्याचें तत्त्व त्या बेटकऱ्यांना पूर्वींपासून ठाऊक होतें.

विद्यार्थिमित्रहो, हा धडा दूरचा समजूं नये. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळानें आपल्या कोंकणांतही अनेक घरांचे व शाळांचे पत्रे उडविले. म्हणून पालकांनीं पावसाळ्यापूर्वीं एकदां आपल्या शाळेच्या छपराचे सांधे तपासवून घ्यावे, व मुलांनीं तें काम जवळ उभें राहून पाहावें. पुढें तुमच्यापैकीं कोणी सुतार वा अभियंता होऊन परदेशीं जाईल. त्यानें आपला हातोडा अवश्य न्यावा; पण निघतांना तो गांवच्या एखाद्या तरुणाच्या हातीं, त्याचा उपयोग शिकवून, ठेवून यावा.